भारतनेटची फायबर घरात घेतल्यावर: एक पावसाळा, एक उन्हाळा काढून झालेला अनुभव

ज्यांच्या ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची, म्हणजे गावोगावी इंटरनेट नेणाऱ्या सरकारी योजनेची, फायबर केबल आली आहे आणि घरी जोडणी घ्यावी की नाही असं ज्यांचं चाललंय, त्यांच्यासाठी लिहितेय. माझं मत आधीच सांगते: घ्या. फक्त स्पीड किती हे विचारण्याआधी, बंद पडल्यावर दुरुस्तीला कोण येणार हे विचारा.

आमचं गाव कोयना खोऱ्यात, डोंगराला टेकून. मोबाईलची रेंज अंगणाच्या एका कोपऱ्यात एखादी कांडी, घरात तीही नाही. पंचायतीच्या खोलीत मात्र फायबरचं कपाट बरीच वर्षं उभं होतं. ही भारतनेट योजना २०११ साली वेगळ्या नावाने मंजूर झाली, २०१५ पासून तिला भारतनेट म्हणतात. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडायच्या, असं तिचं उद्दिष्ट. पैसा टेलिकॉम कंपन्यांच्या महसुलावरच्या आकारणीतून जमलेल्या निधीतला, ज्याला आता डिजिटल भारत निधी म्हणतात. पण केबल पंचायतीत येऊन थांबली. गावाला तिचा उपयोग काय, हे कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

चित्र पालटलं ते शेजारच्या गावातल्या एका मुलाने काम हातात घेतल्यावर. अशा स्थानिक माणसाला योजनेत उद्यमी म्हणतात. पंचायतीपासून घरापर्यंतची तार तो ओढतो, बिघाड तो काढतो आणि महिन्याच्या बिलातला निम्मा वाटा त्याला मिळतो. माझ्या मते सगळ्या योजनेतली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे. ज्याचं पोट माझ्या बिलावर आहे, तो फोन उचलतो.

आमचं पॅकेज ३० एमबीपीएसचं, ३९९ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४७१ रुपये पडतात. स्पीडबद्दल तक्रार नाही. संध्याकाळी घरात मालिका, क्रिकेट आणि पुतणीचे एमपीएससीचे तास एकाच वेळी चालतात. पुतणी आधी कराडला खोली घेऊन राहायची. आता तास घरूनच करते, चाचणीपुरती जाते. खोलीचं भाडं आणि खानावळ वाचली, त्यात वर्षभराचं बिल कितीतरी वेळा निघतं.

पावसाळ्यात मात्र खरी परीक्षा झाली. रस्त्याच्या रुंदीकरणात जेसीबीने मुख्य केबल तोडली आणि खालच्या अंगाची सगळी गावं एकदम बंद. पुढचे काही दिवस मोडेमवर लाल दिवा लुकलुकत राहिला. उद्यमी बिचारा रोज सांगायचा, "ताई, माझ्या हातातली तार ठीक आहे, वरूनच सिग्नल नाही." मुख्य केबलची दुरुस्ती वेगळ्या एजन्सीकडे, रस्ता तिसऱ्याकडे, आणि खणण्याआधी एकमेकांना कळवायची कुणाचीच तयारी नाही. याचा मला अजूनही राग आहे. जनतेच्या पैशाची केबल जनतेच्याच पैशाच्या रस्त्याने तोडायची, हे कसं चालतं?

मूळ दुखणं आखणीतलं आहे. आमच्याकडची केबल एका गावातून दुसऱ्यात अशी सरळ रांगेत गेलेली. एके ठिकाणी तुटली की पुढचे सगळे अंधारात. ४ ऑगस्ट २०२३ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेटला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. त्यात केबल रिंगमध्ये टाकायची आहे, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालू राहील. शिवाय जो केबल टाकेल त्यानेच १० वर्षं ती सांभाळायची. ग्रामीण भागात दीड कोटी घरजोडण्या देण्याचं लक्ष्यही त्यातच आहे. आमच्या भागात ती रिंग लवकर व्हावी, हे मी ग्रामसभेतही मांडलंय.

घरापर्यंतच्या तारेचा बिघाड मात्र तासाभरात निघतो. माकडांनी आमची तार ओढली तेव्हा मी शेजारी उभी राहून पाहिलं. वरचं काळं आवरण सोलून उद्यमीने केसासारखी काच मोकळी केली, स्पिरिटने पुसली, कटरने सरळ कापली आणि दोन्ही टोकं मशीनमध्ये ठेवली. छोट्या पडद्यावर दोन पांढरट दांड्या समोरासमोर आल्या, ठिणगी पडली आणि जोड झाला. मग सिग्नलची ताकद मोजायचा मीटर लावला. उणे १९ आलं तसा म्हणाला, "झ्याक आहे." उणे २७ च्या पुढे गेलं की मोडेम सिग्नल धरत नाही म्हणे. तुमच्याकडे जोडणी देतानाही हा आकडा विचारून लिहून ठेवा, पुढच्या बिघाडाला उपयोगी पडतो.

वापराबद्दलही सांगायला हवं. माझ्या जाऊबाईंनी पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानातला २० तासांचा कोर्स केला होता. २०१७ ची ती योजना, ६ कोटी ग्रामीण घरांतून प्रत्येकी एकाला शिकवायची. प्रमाणपत्र मिळालं, पण घरी नेटच नसल्याने शिकलेलं विरून गेलं. आता त्याच जाऊबाई १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा स्वतः काढतात आणि बचत गटातल्या बायकांनाही काढून देतात. आमच्या आळीतल्या बहुतेकांनी जोडणी मालिकांसाठीच घेतली. घेऊ देत. एकदा नेट घरात आलं की सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, गॅसची नोंदणी आपोआप त्यावर येते.

एक अडचण फायबरने सुटत नाही, ती ओटीपीची. महाडीबीटीचा अर्ज घरातल्या वायफायवर भरता येतो, ओटीपी मात्र मोबाईलच्या टॉवरवरून येतो आणि तो घरात पोचत नाही. मग फोन घेऊन कुणीतरी देवळाच्या टेकडीवर जायचं आणि तिथून आकडा ओरडून सांगायचा, तोवर वेळ संपलेली. रेंज नसलेल्या २४,६८० गावांसाठी ४जी टॉवरची योजना केंद्राने जुलै २०२२ मध्ये मंजूर केली आहे. माझं म्हणणं, केबल आणि टॉवर एकाच नकाशावर बघा, वेगवेगळ्या फायलींत नको.

विजेचं तेवढं आधीच बघून घ्या. मोडेम १२ व्होल्टवर चालतो, त्यासाठी छोटा यूपीएस हजार-दीड हजारात मिळतो आणि भारनियमनात तीन-चार तास सहज काढतो. पण तेवढ्यावर भागत नाही. पंचायतीतल्या कपाटाची बॅटरी मेली असेल तर तुमचा यूपीएस असून उपयोग शून्य. आम्ही ती बॅटरी बदलून घेतली, त्यासाठी आधी ठराव करावा लागला. आणि वळवात वीज कडाडायला लागली की मोडेमचा प्लग काढून ठेवा. फायबरच्या काचेतून झटका येत नाही, बोर्डातून येतो. आमच्या आळीतले दोन मोडेम त्यातच गेले.