दीडशे रुपयांवर पेपर आणि एकोणीस हजारांचा चुना

आधी आकडा सांगते: एका बोगस ‘आंतरराष्ट्रीय परिषदे’त पेपर, म्हणजे शोधनिबंध, वाचायला गेले आणि घालवले १९,०१० रुपये. घरी हा आकडा अजून कुणाला पूर्ण माहीत नाही. पप्पांच्या हिशोबात ८,८५० गेलेत. बाकीचे मी शिकवणीच्या पैशांतून भरले आणि तोंड मिटून बसले. फोड अशी: नोंदणी ७,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी १,३५०. सहलेखक म्हणून मैत्रिणीचं नाव घालायचे ३,०००. ‘स्कोपस जर्नल’मध्ये (स्कोपस म्हणजे संशोधन-पत्रिकांची जागतिक यादी) पेपर छापून आणायचे ४,५००. परभणी-पुणे जाऊन-येऊन दोघींचं तिकीट १,४६०. एका रात्रीचं लॉज १,२००. खाण्याचं धरलेलं नाही, भूक घरीही लागलीच असती.

आयोजकांचं नाव लिहीत नाही, कारण ते लिहून उपयोग नाही. माझ्या पावतीवर जे नाव आहे ते आज त्यांच्याच वेबसाइटवर सापडत नाही. नाव बदलतं, पद्धत बदलत नाही. आणि ती पद्धत सगळ्यांना माहीत असते. ‘आंतरराष्ट्रीय परिषद’, गोऱ्या प्राध्यापकाचा फोटो, दोन दिवसांत स्वीकृती, मग फी. मलाही माहीत होतं. आमच्या डिपार्टमेंटमध्ये अशा मेलवर आम्ही हसायचो.

तरी फसले. का, ते कळायला पेपर कशावर होता ते सांगावं लागेल.

मराठवाड्यातले आठ आणि विदर्भातले सहा, अशा १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना २०१५ पासून रेशनवर माणशी ५ किलो धान्य मिळायचं. गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये. २०२२ मध्ये केंद्राकडून या योजनेचं धान्य यायचं बंद झालं आणि फेब्रुवारी २०२३ च्या जीआरने धान्याच्या जागी माणशी महिन्याला १५० रुपये थेट खात्यात, असं ठरलं. पुढे त्याचे १७० झाले. रोख द्यावी की धान्य, यावर पुस्तकात पानंच्या पानं आहेत. मी ती पानं बाजूला ठेवली आणि आमच्या गावात अन् शेजारच्या दोन गावांत मिळून ४२ घरी गेले. पैसे कुणाच्या खात्यात येतात, बँक किती लांब, दीडशेत बाजारातून पाच किलो येतं का, एवढंच विचारलं. एका आजीने प्लास्टिकच्या पिशवीतून पासबुक काढलं, पान उघडून माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, “दुकानदार निदान तोंड तर दाखवायचा. ह्यांचं तोंड कुठं बघू?” ते वाक्य मी पेपरात जसंच्या तसं घातलं होतं.

आमच्या घरी केशरीच कार्ड आहे. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी फक्त गुणांचा नव्हता. आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेला जिल्हा पातळीवर पोस्टर लावलं, परीक्षकांनी चांगले दहा मिनिटं प्रश्न विचारले, आणि माझ्या डोक्यात हवा गेली. एमएच्या मुलाखतीला ‘इंटरनॅशनल कॉन्फरन्स’ सांगता येईल असं वाटलं. टीवायच्या पोरीला असं वाटण्यात काय चूक आहे? सरांना या परिषदेचा आलेला मेल दाखवला तर ते म्हणाले, “बरं दिसतंय, कर.” त्यांनी तो पूर्ण वाचला नव्हता हे आता कळतं.

आता तो क्षण, जो आठवला की मला अजून रात्री उठून बसावंसं वाटतं.

रविवारी रात्री नऊला मी ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे पेपरचा सारांश, अपलोड केला. अडीच वाजता स्वीकृतीचा मेल आला. “आदरणीय प्राध्यापक डॉक्टर” अशी सुरुवात, दोन तज्ज्ञांनी नाव झाकून तपासला, ९.२ गुण, एकही दुरुस्ती नाही. सकाळी फाइल उघडून बघते तर मी चुकीची फाइल पाठवलेली. त्यात सरांच्या टिपा तशाच होत्या, पिवळ्या रंगात, मराठीत. दुसऱ्याच परिच्छेदात, “हे वाक्य कळत नाही, परत लिही.” शेवटी, “निष्कर्ष कुठे आहे???” तीन प्रश्नचिन्हं, मी मोजली आहेत.

म्हणजे त्या दोन तज्ज्ञांनी ‘निष्कर्ष कुठे आहे’ असं लिहिलेला कागद वाचून ९.२ दिले. मी घाबरून बरोबर फाइल पाठवली, माफी मागितली. उत्तर आलं: गरज नाही, आपला पेपर स्वीकारलेला आहे, आजच फी भरल्यास अर्ली बर्ड सवलत. आणि मला काय वाटलं? किती समजूतदार लोक आहेत! असं वाटलं मला. हे लिहिताना कान गरम होतायत.

तुम्ही एवढंच करा. फीचा आकडा सांगितला की मुद्दाम एक फालतू शंका विचारा. माझ्या तक्त्यात बेरीज चुकली आहे, चालेल का, असं. खरा संपादक चिडेल. हे लोक क्यूआर कोड पाठवतील.

दुसरी चूक तर माझ्या अभ्यासक्रमातली. पावतीवर पत्ता दिल्लीचा आणि जीएसटी नंबर ३३ ने सुरू होणारा. नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्र २७, दिल्ली ०७, तमिळनाडू ३३. हे मी परीक्षेत लिहून गुण घेतलेत. जीएसटीच्या पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेअर’मध्ये तो नंबर टाकायला एक मिनिट लागतो. मी टाकला, पण कॉन्फरन्स होऊन गेल्यावर. त्या नावाची कुणी संस्था तिथे नव्हतीच. सरकारला न जाणाऱ्या कराचे १,३५० रुपये मी आनंदाने भरले, वर पावती जपून ठेवली. आणि पैसे गेले कुणाकडे? संस्थेकडे नाही, एका माणसाच्या यूपीआयवर. नाव स्क्रीनवर दिसलं होतं. वाटलं, खजिनदार असेल.

जानेवारी २०२५, पुणे, स्टेशनजवळचं एक हॉटेल. पहिल्या मजल्यावर लग्नाच्या याद्या करायला देतात तेवढा हॉल. फ्लेक्सवर एक नाही, पाच परिषदांची नावं, एकाच दिवशी, एकाच हॉलमध्ये: समाजशास्त्र, नॅनो तंत्रज्ञान, दंतवैद्यक, शेती, सिव्हिल इंजिनिअरिंग. नोंदणीच्या टेबलावर पिशव्या वाटणारा जो पोरगा, तोच अकरा वाजता कोट चढवून अध्यक्ष म्हणून बसला. बीजभाषण करणारे परदेशी प्राध्यापक नेट गेल्यामुळे येऊ शकले नाहीत म्हणे. (मी नंतर त्या प्राध्यापकांना मेल केला. त्यांनी दोन ओळींत कळवलं की हे नाव ते पहिल्यांदाच ऐकतायत. हा मेल मी आधी केला असता तर? वेळ तेवढाच लागला असता.)

माझ्या आधी काँक्रीटमध्ये राख मिसळण्यावर पेपर, माझ्यानंतर अक्कलदाढ. मला सहा मिनिटं दिली. समोर नऊ जण, त्यातले पाच आपापली पाळी यायची वाट बघणारे. मी आजीच्या पासबुकावर आले तेव्हा अध्यक्षसाहेब फोनवर कुणाला तरी पनीर किती प्लेट ते सांगत होते. मग टाळ्या आणि फोटो. सर्टिफिकेट आधीच छापून ठेवलेलं. त्यावर माझ्या पेपरच्या नावात ‘ग्रेन’चं ‘ग्रीन’ झालेलं. ‘धान्याऐवजी रोख’च्या जागी ‘हिरव्याऐवजी रोख’! दुरुस्ती करून मागितली तर पाचशे रुपये. ते मात्र मी दिले नाहीत, तेवढी अक्कल तोवर आली होती. आईने ते तसंच लॅमिनेट करून कॅलेंडरच्या शेजारी लावलंय.

जेवताना एक गृहस्थ शेजारी बसले, ऑर्किडवर पेपर वाचलेले, पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याशा कॉलेजात शिकवतात. मी म्हटलं, “सर, हे सगळं विचित्र नाही का?” ते शांतपणे भात कालवत म्हणाले, “बाळा, मला माहीत आहे. माझी ही तिसरी. प्रमोशनच्या फाइलला सर्टिफिकेट लागतं, तपासतो कोण?” त्या माणसाची मला चीड आली, आणि मग त्याहून जास्त स्वतःची. हा धंदा माझ्यासारख्या भोळ्यांवर चालत नाही. भोळे वरकड. तो अशा गिऱ्हाइकांवर चालतो ज्यांना हाच माल पाहिजे असतो. हे काही नवं नाही आणि छोटंही नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने हैदराबादच्या एका जर्नल-कॉन्फरन्सवाल्या कंपनीला पाच कोटी डॉलरच्या वर भरायला सांगितले. त्या खटल्यात एक मुद्दा हाच होता की प्राध्यापकांची नावं त्यांना न विचारता जाहिरातीत टाकली.

४,५०० चं म्हणाल तर ते जर्नल स्कोपसच्या यादीत होतं, पण ‘कव्हरेज डिसकंटिन्यूड’ म्हणून. स्कोपसच्या साइटवर सोर्सेसमध्ये आयएसएसएन (जर्नलचा नंबर) टाका, फुकटात दिसतं. नाव दिसलं म्हणून हुरळू नका, पुढची वर्षं वाचा.

आता तक्रारीचं ऐका.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन केला. पैसे कधी गेले? म्हटलं, डिसेंबरमध्ये. मग लगेच का नाही केला? अहो, डिसेंबरमध्ये मला कळलं असतं तर पैसे कशाला दिले असते! पोर्टलवर तक्रार टाकली, नंबर मिळाला, पुढे काही नाही. बँकेत गेले. मॅनेजर म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात, ओटीपी कुणी चोरला नाही, आम्ही काय करणार. पोलीस स्टेशनला पप्पांना न सांगता मामाला घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकलं आणि मग उलटतपासणी सुरू केली.

“हॉल होता ना?”

“होता.”

“भाषण केलं ना तुम्ही?”

“केलं.”

“सर्टिफिकेट दिलं, जेवण दिलं. मग फसवणूक कुठं झाली?”

मामा म्हणाला, साहेब, चारशेवीस आहे हे. साहेब हसले. चारशेवीस आता राहिलं नाही, ३१८ झालंय, आणि हॉल पुण्यात, तर पुण्याला जा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द नसली तरी तक्रार नोंदवून घ्यावी लागते, हे मी घरी येऊन वाचलं. तिथे माहीत असतं तरी बोलायची हिंमत झाली असती का, कोण जाणे. हॉटेलवाल्याने फोनवर सांगितलं की आम्ही फक्त हॉल देतो, बारसं आहे की बारावं ते विचारत नाही. यूजीसीला (विद्यापीठ अनुदान आयोगाला) मेल केला, पोच नाही. बोगस जर्नल ओळखायला त्यांनी २०१८ मध्ये जी केअर यादी आणली होती, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आता कॉलेजांनी आपलं आपण ठरवावं म्हणे.

आणि कॉलेजांनी काय ठरवलं ते सांगते. माझ्या कॉलेजने पुण्याहून येताच माझा फोटो नोटीस बोर्डावर लावला. मी ऑफिसात जाऊन सांगितलं की हे बोगस आहे, काढा. तर उत्तर: नॅकच्या (कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या) अहवालात ‘आंतरराष्ट्रीय परिषदेतील सहभाग’ या रकान्यात तुझं नाव गेलंय, आता मागे घेता येणार नाही. मी म्हटलं, मग निदान तक्रारीवर कॉलेजचं एक पत्र द्या. तर म्हणे, तू परवानगी घेऊन गेली नव्हतीस, तुझा वैयक्तिक प्रश्न आहे. रकान्यात घालताना मी कॉलेजची, पैसे बुडाले तेव्हा मी माझी!

खरंच पेपर वाचायचा असेल तर मराठी अर्थशास्त्र परिषदेचं अधिवेशन आहे, मराठीत वाचता येतं, समोर या विषयात आयुष्य घालवलेले लोक बसतात. मला ते माहीत होतं. पण त्यात ‘इंटरनॅशनल’ नव्हतं ना.

आमच्या घरी माणसं चार. १७० प्रमाणे महिन्याचे ६८०, तेही वेळेवर आले तर. जीएसटी धरून नुसती नोंदणी फीच तेरा महिन्यांचे पैसे आणि वर दहा रुपये होते. हा हिशोब मी पुण्याहून परत येताना गाडीत केला, पेपरच्याच पाठीवर.

आता ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकते आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकीलही लागत नाही, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारलं तर नीट सांगतात. एवढ्या सगळ्यांत तेवढा एकच फोन नीट लागला. अजून कुणी असतील तर एकत्र टाकू. दिल्लीचा पत्ता असलेली पावती काढा आणि जीएसटी नंबर बघा. ३३ ने सुरू होत असेल तर तुमचे पैसेही त्याच माणसाच्या यूपीआयवर गेले असतील.