सर्व्हर रूम, क्लाउड की भाड्याचं ईआरपी? कारखान्याच्या आयटी हेडसाठी एक आढावा

3 सप्टेंबर 2025 च्या रात्री जीएसटी कौन्सिलचा निर्णय आला: गाड्यांचे सुटे भाग सरसकट 18 टक्क्यांत, अंमल 22 सप्टेंबरपासून. हातात एकोणीस दिवस, त्यात अनंत चतुर्दशी आणि अख्खा पितृपक्ष. मी चाकणच्या एका कारखान्यात आयटी सांभाळतो. आमचे बरेचसे पार्ट तोवर 28 टक्क्यांत होते. अकाउंट्सचं म्हणणं, "मास्टरमध्ये दर बदला, झालं." मास्टर, म्हणजे सिस्टिममधली दरांची मूळ यादी, बदलायला दहा मिनिटं लागली. बाकीचे दिवस 28 हा आकडा कुठे कुठे दडलाय ते हुडकण्यात गेले. डेबिट नोटच्या रिपोर्टात सापडला. जीएसटी आला तेव्हा, 2017 साली, कुणा कन्सल्टंटने लिहिलेल्या एका प्रोग्राममध्ये सापडला. त्याचा कागद कुणाकडेच नव्हता. एक जागा तरीही राहिलीच. घटस्थापनेच्या सकाळी सव्वासातला पहिला ट्रक गेटवर, आणि वॉचमनच्या हातातल्या बिलावर वर 18 टक्के, खाली बेरीज 28 ची. गाडी दोन तास उभी. पलीकडे ग्राहकाची लाइन आमच्या मालाची वाट बघत होती.

नेमकं त्याच महिन्यात मॅनेजमेंटने विचारलं होतं, "सर्व्हर जुने झालेत, क्लाउडवर जायचं का?" त्या दोन तासांनी मला कळलं की त्या दिवशी आम्ही क्लाउडवर असतो तरी ट्रक उभाच राहिला असता. तो प्रोग्राम उचलून मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये ठेवला असता, तर तिथूनही त्याने 28 च छापलं असतं. म्हणून खालच्या तिन्ही वाटा, म्हणजे स्वतःची सर्व्हर रूम, क्लाउड (दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधली मशीन भाड्याने) आणि भाड्याचं ईआरपी (खरेदी, स्टोअर, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, तेही व्हेंडरच्याच सर्व्हरवर), मी एकाच प्रश्नावर तोलल्या आहेत: धंद्यात बदल आला की तो सिस्टिममध्ये उतरवणं कुणाच्या हातात असतं?

पैसा

सर्व्हर रूमचा खर्च एकदाच होतो, हा समज आधी सोडा. यूपीएसच्या बॅटऱ्या, दोन एसी, जनरेटरचं डिझेल, देखभालीचा करार (एएमसी) हे दर वर्षी आहेच. कंपनी कायद्याच्या हिशेबात सर्व्हरचं आयुष्य 6 वर्षं, आयकरात घसारा 40 टक्के. प्रत्यक्षात आपण तो आठव्या वर्षापर्यंत ओढतो आणि सातव्या वर्षी डिस्क गेली की देव आठवतात. त्यात 2023 पासून नवी भानगड. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी, विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद करून सगळं वर्गणीवर नेलं. म्हणजे लोखंड आपलं, पण त्यावरचं सॉफ्टवेअर भाड्याचं. प्रॉक्समॉक्स किंवा हायपर-व्ही या त्याच कामाच्या पर्यायांवर जाता येतं, फक्त ते निभावणारा माणूस पदरी हवा.

क्लाउडचं बिल विजेच्या मीटरसारखं फिरतं. महिन्याचे साधारण 730 तास. टेस्टिंगचं मशीन रोज 12 तास, 26 दिवस चालवलं तर 312 तास भरतात, मशीनचं भाडं निम्म्याहून खाली येतं. डिस्कचं भाडं मात्र मशीन झोपलं तरी चालूच. ते रात्री बंद करायचं कुणी, यावर आमच्याकडे तीन मीटिंगा झाल्या. ईआरपीचं मुख्य मशीन तीन पाळ्यांत चोवीस तास चालतं, तिथे मीटरचा काही उपयोग नाही. एक किंवा तीन वर्षांची बांधिलकी दिली तर दर उतरतो, पण मग "हवं तेव्हा वाढवा, हवं तेव्हा कमी करा" ही जाहिरात कुठे गेली? अमेरिकेतल्या 37सिग्नल्स या सॉफ्टवेअर कंपनीने 2022 साली क्लाउड सोडायचं ठरवलं ते याच हिशेबावर. त्या वर्षी त्यांचा क्लाउडचा खर्च 32 लाख डॉलर होता. मात्र त्यांचा लोड स्थिर होता आणि मशीन सांभाळणारी माणसं घरचीच होती. दोन्ही नसतील तर त्यांचं उदाहरण मीटिंगमध्ये काढू नका.

भाड्याच्या ईआरपीत पैसे माणशी मोजतात, आणि इथे आपली एक सवय आडवी येते. स्टोअरमध्ये एकाच लॉगिनवर चौघं काम करतात. करारात ते चालत नाही, आणि खरं तर आताही चालायला नको: 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहायला हवी. चौघांचं एकच नाव असेल तर त्या नोंदीला काय अर्थ? तेव्हा व्हेंडरने दिलेल्या कोटेशनमधली माणसांची संख्या स्वतः तिन्ही पाळ्यांत फिरून मोजा. आमच्या यादीत 60 जण होते, फिरल्यावर 94 निघाले.

बदल आला की

ई-इनव्हॉइसिंगचंच बघा, म्हणजे धंद्याची बिलं सरकारी पोर्टलवर नोंदवणं. ऑक्टोबर 2020 मध्ये ते 500 कोटींच्या वरच्या उलाढालीला लागू झालं, ऑगस्ट 2023 पर्यंत 5 कोटींवर आलं. तीन वर्षांत मोठ्या कारखान्यापासून त्याच्या जॉबवर्कवाल्यापर्यंत सगळे आत.

सर्व्हर रूम असो वा क्लाउडवर उचलून ठेवलेलं जुनं ईआरपी, अशा वेळी बदल तुम्हालाच करायचा असतो. फायदा हा की मध्यरात्री बसून करता येतो, कुणाला विचारावं लागत नाही. तोटाही हाच. भाड्याच्या ईआरपीत पोर्टलशी जोडणी व्हेंडर सुधारून देतो, कारण त्याचे शेकडो ग्राहक त्याच दिवशी अडलेले असतात. तुमच्या वाट्याला एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाचं वर्गीकरण) तपासणं, उघड्या खरेदी ऑर्डरींचे दर सुधारणं एवढं उरतं. पण ग्राहकाने एएसएनचा (माल निघाल्याच्या आगाऊ सूचनेचा) फॉरमॅट बदलला, लेबलवर आणखी एक बारकोड मागितला, तर व्हेंडरच्या रांगेत उभं राहा. सरकारचा बदल सगळ्यांना लागतो, ग्राहकाचा बदल तुमच्या एकट्याला. गेल्या तीन वर्षांत तुम्हाला यातले कुठले जास्त आले, ते वहीत लिहून काढा. माझ्या मते अर्धा निर्णय तिथेच लागतो.

बंद पडलं तर

आमच्याकडे वीज गुरुवारी जाते, आणि फायबर जेसीबीवाल्याच्या मर्जीने. जुन्या मंडळींचा सर्व्हर रूमच्या बाजूने हुकमी मुद्दा हा, की नेट गेलं तरी काम चालतं. उत्पादनापुरतं ते खरं आहे. डिस्पॅचपुरतं आता नाही. ई-इनव्हॉइसचा नोंदणी क्रमांक (आयआरएन) आणि मालवाहतुकीचं ई-वे बिल पोर्टलवरूनच येतात, तेव्हा नेट गेलं की सर्व्हर शेजारच्या खोलीत असून ट्रक हलत नाही. दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन, दोन वेगळ्या बाजूंनी आत आलेल्या, हा खर्च तिन्ही वाटांवर अटळ. मशीनजवळचं काम मात्र आतच ठेवा: काउंट घेणारं सॉफ्टवेअर, वजनकाटा, लेबल प्रिंटर. प्रेस चालू असताना तिने दूरच्या सर्व्हरच्या उत्तराची वाट बघणं परवडत नाही.

क्लाउड म्हणजे बॅकअप, हेही डोक्यातून काढा. मे 2024 मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियातल्या पेन्शन फंडाची गुगल क्लाउडवरची मोठी व्यवस्था गुगलकडूनच चुकून पुसली गेली. सहा लाखांवर सभासदांना कित्येक दिवस स्वतःचं खातं दिसेना. फंड सावरला, त्यात दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेली प्रत कामी आली.

माणसं

इथे सर्व्हर रूम सरळ हरते. चांगला सिस्टिम ॲडमिन दोन-तीन वर्षांत तयार होतो आणि हिंजवडीला निघून जातो. पगाराची ती स्पर्धा कारखान्याला जिंकता येत नाही. क्लाउडने ॲडमिनची गरज संपत नाही, फक्त काम बदलतं: सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्यांऐवजी (पॅच) बिल आणि परवानग्या. भाड्याच्या ईआरपीत ॲडमिन कमी लागतो, पण खरेदी, स्टोअर आणि अकाउंट्स या तिघांची भाषा कळणारा एक जण लागतो. असा माणूस बहुतेक वेळा स्टोअरमध्येच बसलेला असतो. आयटीने त्याला मागून घ्यावं.

कायद्याचं थोडक्यात: सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार सायबर घटना 6 तासांत कळवायची आणि सिस्टिममधल्या घडामोडींचे लॉग 180 दिवस ठेवायचे. हिशेबाच्या वह्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर हवा. मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रं मुंबई-पुण्यातच आहेत, त्यामुळे अडचण जागेची नाही. भाड्याच्या ईआरपीवाल्याकडून मात्र हे तीनही मुद्दे लेखी घ्या, तोंडी "हो हो, आहे" नको.

मग कोणी काय घ्यावं

स्वतःचा आयटीवाला नाही, धंदा साच्यातला, ग्राहक दोन-चारच: भाड्याचं ईआरपी, आणि आपल्या पद्धती त्याच्याप्रमाणे वळवायची तयारी. दुसरा प्लांट उभा राहतोय किंवा पुढच्या दोन वर्षांत लोड किती वाढेल याचा अंदाज नाही: क्लाउड. लोड स्थिर, ॲडमिन टिकलेला, सर्व्हर तीन-चार वर्षांचेच: अजून एक फेरी सर्व्हर रूमची, फक्त बॅकअपची एक प्रत बाहेर. एसएपी ईसीसी हे जुनं ईआरपी वापरणाऱ्यांना इतकी सवड नाही. त्याच्या नव्या एन्हान्समेंट पॅकवर (सुधारित आवृत्तीवर) असलेल्यांचाही नेहमीचा सपोर्ट 2027 अखेर संपतो, पुढे 2030 पर्यंत जादा पैसे भरून.

आम्ही सध्या तिन्हीपैकी काहीच निवडलेलं नाही. आधी ते जुने प्रोग्राम मोजले. 212 निघाले, त्यातले 70 च्या आसपास गेल्या वर्षभरात कुणी चालवलेलेही नव्हते. ते काढून टाकतोय. उरलेल्या प्रत्येकासमोर एक शेरा आहे: हा सरकारसाठी, हा ग्राहकासाठी, हा "साहेबांना असाच लागतो" म्हणून. तिसऱ्या रकान्यातले किती सोडता येतात, ते साहेबांशी बोलून ठरेल. कोटेशन त्यानंतर मागवणार.