नवा बायबल ॲटलस घ्यावा की जुनाच चालवावा? सात महिन्यांच्या वापरानंतर

बायबलमधल्या ठिकाणांचे नकाशे दाखवणाऱ्या संगणकावरच्या ॲटलसच्या जुन्या-नव्या दोन्ही आवृत्त्या सात महिने शेजारी शेजारी चालवून झालेलं मत आधीच सांगतो: नवी घ्यायची ती जमिनीच्या उंचीसाठी. नुसते रंगीत नकाशे छापून संडे स्कूलच्या भिंतीवर लावायचे असतील, तर जुनी पुरते.

जुन्यात ९० मीटरच्या दर चौकटीला उंचीचा एक आकडा होता, नव्यात ३० मीटरच्या. मोजणी मूळची एकच, फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून ११ दिवस चाललेली रडारची; बारीक आकडे जगभरासाठी २०१४ नंतर खुले झाले. शारोनाच्या किनारी सपाटीवर फरक शोधूनही सापडत नाही. यरुशलेम ते यरीहो वाटेवर मात्र लगेच दिसतो. वादी केल्टची अरुंद घळ जुन्या नकाशात उथळ पन्हळीसारखी पसरायची, आता तिचे कडे उभे दिसतात.

नव्यातलं सगळ्यात कामाचं हत्यार म्हणजे उंचीचा छेद. दोन ठिकाणांवर टिचकी मारली की मधल्या चढउताराची रेघ खाली उमटते. यरुशलेम समुद्रसपाटीच्या वर साधारण ७५० मीटर, यरीहो सपाटीच्या खाली २५० मीटर. म्हणजे जेमतेम २५ किलोमीटरांत हजार मीटर उतार. जळगाव-भुसावळ एवढंच अंतर, पण त्यात कन्नडच्या घाटासारखे तीन घाट एकाखाली एक उतरायचे. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला (१०:३०) माणूस यरीहोला ‘खाली’ का जातो, हे ती रेघ दाखवली की वेगळं समजावावं लागत नाही.

फक्त त्रिमितीय दृश्यात उंची मुळातच तिप्पट फुगवलेली येते, आणि ते कुठे लिहिलेलं नसतं. गोलसर ताबोर डोंगर सुळक्यासारखा दिसायला लागला की समजावं. सेटिंगमध्ये उंचीचं प्रमाण १ करावं. अख्खा देश एका पडद्यावर दाखवताना २ चालेल, त्यापुढे नको.

खरी तक्रार वेगळीच आहे. जुन्या आवृत्तीत अम्माऊस या गावाला तीन ठिपके होते, प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह. नव्यात एकच ठिपका, ठसठशीत. लूक २४:१३ च्या बहुतेक हस्तलिखितांत त्याचं यरुशलेमपासूनचं अंतर ६० स्टेडिया (जुनं ग्रीक माप), म्हणजे सुमारे ११ किलोमीटर. काहींत १६०, म्हणजे ३० च्या आसपास. पहिला आकडा धरला तर एल-कुबैबा हे गाव जुळतं, दुसरा धरला तर इम्वास. बेथसैदा गावाचंही तेच, ते एत-तेल इथे होतं की एल-अराज इथे हा वाद मिटलेला नाही. नव्या ॲटलसमध्ये ‘पर्यायी स्थळं’ हा थर आहे, पण तो बंद अवस्थेत येतो. पहिल्याच दिवशी चालू करून ठेवावा. नकाशा जितका देखणा, तितका तो खात्रीचा वाटतो, आणि वर्गात कुणी विचारतही नाही.

मृत समुद्रातही घोळ आहे. त्याची पातळी आता सपाटीच्या खाली ४३० मीटरहून जास्त असून वर्षाला सुमारे एक मीटरने उतरते, त्यामुळे दोन आवृत्त्यांत वेगळे आकडे येणं ही चूक नव्हे. पण अब्राहामाचा काळ निवडल्यावरही दक्षिणेला पोटॅशची चौकोनी मिठागरं दिसतात, ही चूकच. तिथे उपग्रहाचं चित्र बंद करून नुसती रंगछटा ठेवावी.

मराठी नावं दोन्हींत नाहीत. यरीहो, कफर्णहूम, बैर-शेबा ही आपल्या पवित्र शास्त्रातली रूपं हवी असतील तर स्वतःची यादी चढवावी लागते: एक्सेलमध्ये नाव, अक्षांश, रेखांश असे तीन रकाने करून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ मध्ये सेव्ह करायचं. नुसतं ‘सीएसव्ही’ निवडलं की सगळी देवनागरी प्रश्नचिन्हं होते. दुसरी चूक त्याहून नेहमीची. जुन्या यादीची केएमएल (नकाशावरचे ठिपके आणि रेघा साठवणारी) फाइल हाताने दुरुस्त करताना आधी रेखांश आणि मग अक्षांश लागतो. उलटं झालं की ३१.७८ आणि ३५.२३ वालं यरुशलेम सायप्रसच्या पश्चिमेला समुद्रात जाऊन पडतं. ठिपका पाण्यात दिसला तर यादी पुन्हा टंकू नका, आकड्यांची अदलाबदल करा.

नवापूर, विसरवाडीकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) नेट भरवशाचं नाही. गावातून निघण्यापूर्वी पॅलेस्टाइनचा भाग ‘ऑफलाइन’ उतरवून विमान मोडमध्ये एकदा उघडून पाहावा, कारण उंचीची फाइल वेगळी उतरते आणि ती राहिली तर छेद कोरा येतो. मे महिन्यात पत्र्याखाली टॅबलेट तापून आपोआप मंद होतो, लॅपटॉप बरा. पण ४ जीबी रॅमवर त्रिमितीय दृश्य अडखळतं, ८ हवीच. जुन्या १०२४ बाय ७६८ च्या प्रोजेक्टरवर नावांची टोकं कापली जातात. अक्षर एक पायरी लहान करून छटा फिकटऐवजी गडद घ्यावी, नाहीतर दुपारच्या उजेडात यहूदाचं अरण्य पांढरं फटक दिसतं.

जुनी आवृत्ती विंडोज १० वर असेल आणि त्या संगणकाला नेट असेल, तर १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार संपला आहे, एवढं लक्षात घ्या. नवी टाकताना जुनी काढू नका. जुन्या टिपा नव्यात येतात, पण हाताने आखलेले प्रवासमार्ग येत नाहीत. पौलाच्या तिन्ही फेऱ्या तिथे आखून ठेवल्या असतील तर त्या आधी केएमएलमध्ये काढून घ्या.