आई-बाबांसाठी डबा लावावा की स्वयंपाकाला मावशी ठेवाव्यात?

आई-बाबा कोथरूडला दोघंच, मी ठाण्यात. आईचा विसरभोळेपणा वाढला, गॅसवर दूध करपायला लागलं, तेव्हा स्वयंपाक तिच्या हातून काढून घेणं भाग पडलं. आम्ही आधी डबा लावला, नंतर मावशी ठेवल्या. मावशी महाग पडतात, हे काही वेगळं सांगायला नको.

डब्याला नावं ठेवण्यासारखं फार नाही. वेळेवर येतो आणि घरात परकं माणूस वावरत नाही. बाबांना हे दुसरं फार महत्त्वाचं. मीठ आणि तेल जरा सढळ असतं, रक्तदाब असेल तर आधीच सांगून ठेवावं. काही डबेवाले ऐकतात.

मेंदूसाठी डब्यातलं जेवण चालेल का, ही शंका मलाही होती. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडलेल्या ‘माइंड’ आहाराचा बराच बोलबाला आहे: पालेभाज्या, कडधान्यं, सुकामेवा, बेरी. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ६०४ ज्येष्ठांना ३ वर्षं पाहिल्यावर, हा आहार घेणारे आणि नेहमीचंच पण जरा बेतानं खाणारे यांच्या स्मरणशक्तीत म्हणावा असा फरक दिसला नाही. त्यामुळे अक्रोड की शेंगदाणे या वादात मी पडत नाही. मेथी, लाल माठ, मूग, जवसाची चटणी आपल्याकडे आहेच. बी-ट्वेल्व्ह मात्र तपासून घ्या. शाकाहारी माणूस आणि त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल, तर ते कमी असण्याची शक्यता बरीच, आणि विसरभोळेपणा त्यानंही येतो. तिथे डबाही कामाचा नाही, मावशीही नाहीत, डॉक्टरच लागतात.

माझं डब्याशी बिनसलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. आमचा डबा रोज लख्ख होऊन परत जायचा. आई चारी पुडं घासून-पुसून ठेवायची आणि रिकामा डबा परत देऊ नये म्हणून एकात चिमूटभर साखरही घालायची. तेवढं तिच्या बरोबर लक्षात. फोनवर विचारलं की, “जेवले की रे, मटकीची उसळ होती.” उसळ आदल्या दिवशीची असायची. आजची भाजी फ्रिजमध्ये वाटीखाली झाकलेली, पोळ्या गॅलरीत कावळ्यांना. बाबा त्यांचं लवकर जेवून आडवे झालेले. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले तेव्हा आम्हाला पत्ता लागला. यात डबेवाल्याला तरी काय बोलणार? पोटात काय गेलं हे बघणं त्याचं कामच नाही.

मावशींचे ताप निराळे. दांड्या आहेत, गावची जत्रा आहे. आई त्यांच्या फोडणीला नावं ठेवते आणि अधूनमधून “हिनं साखर नेली” असंही म्हणते. तो विषय बाबांनी आणि मी मावशींना आधीच नीट समजावून सांगितला होता, नाहीतर त्या टिकल्या नसत्या. पण त्या ताट वाढून समोर बसतात. “आजी, भाकरी मोडा बघू,” म्हणतात. मेथीची जुडी आईपुढे टाकतात आणि ती निवडता निवडता बोलायला लागते. म्हातारपणी तहान कमी लागते, म्हणून मधेच पाण्याचं भांडं पुढे करतात. निघताना मला निरोप: “आज अर्धीच भाकरी खाल्ली.” मला हवं होतं ते हे अर्ध्या भाकरीचं वाक्य.

आता, दोघांपैकी एकाची स्मृती ठणठणीत असेल आणि दोघं एकाच वेळी ताटावर बसत असतील, तर डब्यानं भागेल, उगाच मावशींचा खर्च वाढवू नका. एकटं माणूस असेल तर मात्र मी मावशीच शोधीन. डबेवाल्याचा नंबरही आम्ही पुसलेला नाही. मावशी गावाला गेल्या की डबा येतो आणि त्या दिवसांत शेजारच्या काकू जेवणाच्या वेळी डोकावून जातात.