बटण दाबलं आणि लगेच चित्र आलं, तिथेच मला कळायला हवं होतं

४१,५८९ रुपये. साइटवरून जुना रंगीत टीव्ही घेताना एवढे गेले. आकडा आधीच सांगतो, कारण घरी मी पंधरा हजार गेले म्हणून सांगितलं होतं आणि ते खोटं गेले पाच महिने माझ्या उरावर बसलंय. परवा बायकोला खरं सांगितलं. आता इथे लिहायला लाज वाटायचं कारण उरलेलं नाही.

ओटीपी, केवायसी, क्यूआर कोड हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. त्यातलं काहीच माझ्याशी झालं नाही. मला माझ्याच विषयात फसवलं गेलं, म्हणून जास्त झोंबतंय.

मी आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा कोर्स केलेला माणूस. नोकरी दुसऱ्याच खात्यात लागली, पण सोल्डरिंग आयर्न हातातून सुटलं नाही. गेल्या बारा वर्षांत पिक्चर ट्यूबवाले अकरा जुने रंगीत संच मी चालू केलेत. बीयू २०८ हा ट्रान्झिस्टर उडालाय की एलओटी, म्हणजे ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर, शॉर्ट आहे, हे मी आवाजावरून सांगतो. हे मोठेपणासाठी लिहीत नाही. 'अडाणी असेल, म्हणून फसला' असं म्हणून कोणी पुढे जाऊ नये, एवढ्यासाठी लिहितोय.

या सगळ्याच्या मुळाशी वडिलांचा संच आहे. १५ ऑगस्ट १९८२ ला दूरदर्शननं लाल किल्ल्यावरचा सोहळा रंगीत दाखवला, तेव्हा आमच्या लालबागच्या चाळीत एकाकडेही रंगीत टीव्ही नव्हता. ब्लॅक अँड व्हाइटच्या काचेवर तो रंगीत प्लास्टिकचा कागद लावायचे, वर निळा आणि खाली हिरवा. बातम्या देणाऱ्याचं कपाळ निळं, गळा हिरवा. आम्ही त्यालाच रंगीत म्हणायचो. मग एशियाड आलं. बाहेरून किट आणायला सरकारनं परवानगी दिली, ते जोडून तयार केलेले संच दुकानांत दिसायला लागले आणि वडिलांनी पतपेढीचं कर्ज काढलं. उद्घाटन १९ नोव्हेंबरला होतं, संच दोन दिवस आधी टॅक्सीतून आला. मी चौदा वर्षांचा होतो. त्या दिवशी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत किती माणसं होती ते मोजलं नाही, पण गॅलरीतून खिडकीच्या गजांना लटकून बघणारी पोरं अजून डोळ्यांपुढे आहेत. हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्ताननं आपल्याला ७-१ नं हरवलं, तेव्हा सगळे मान खाली घालून निघून गेले. वडील एकटे बसून राहिले. मला म्हणाले, "हिरवा बघ कसला दिसतोय."

त्या संचाची लाल गन आता संपलीय. पिक्चर ट्यूबमध्ये लाल, हिरव्या, निळ्या रंगासाठी इलेक्ट्रॉनचा झोत सोडणाऱ्या तीन गन असतात. त्यातली लाल वीक झाली की सगळं चित्र निळसर-हिरवं होतं, माणसं बुडून वर काढल्यासारखी दिसतात. दोनदा बूस्ट करून पाहिली. फिलामेंटला, म्हणजे तापणाऱ्या तारेला, थोडा वेळ जास्त व्होल्टेज देऊन कॅथोड, म्हणजे झोत सोडणारा भाग, जागा करायचा, मग काही महिने चेहरे चेहऱ्यांसारखे दिसतात. तिसऱ्यांदा ती दाद देईना. तसल्या ट्यूब आता कोणी बनवत नाही. मिळाली तर दुसऱ्या जुन्या संचातूनच काढायची, दुसरा मार्ग नाही.

म्हणून मागच्या ऑक्टोबरात जुन्या वस्तूंच्या एका साइटवर तेच मॉडेल, तेच लाकडी कॅबिनेट, 'चालू स्थितीत, २४,०००' असं दिसल्यावर माझे हात थरथरले. माणूस फोनवर गोड बोलला. "काका, माझे वडील टीव्ही मेकॅनिक होते. वारले. त्यांनी जपलेला संच आहे, भंगारात द्यायला जीव होत नाही." मी त्याला प्रश्न विचारले, आणि साधे नाही. ईएचटी, म्हणजे ट्यूबचं हाय व्होल्टेज, किती मिळते? "पंचवीस केव्हीच्या आसपास, काका." पहिल्यांदा कसा चालू केलास? "सिरीज बल्ब लावून." बरोबर उत्तर! आत शॉर्ट असला तर करंट बल्बनं अडतो, संच वाचतो. इतका अभ्यास करून येणाऱ्यावर मी संशय घ्यायचा तो कशाच्या आधारावर? तुम्ही सांगा.

आणि मग त्यानं लाल पाऱ्याची गोष्ट काढली. "एक पार्टी दीड लाख द्यायला तयार आहे काका, पण ते ट्यूब फोडून लाल पारा शोधणार. मला हा जपणाऱ्या माणसाच्या हातात द्यायचाय." जुन्या टीव्हीत आणि रेडिओत कोट्यवधींचा लाल पारा असतो ही अफवा किती वर्षं फिरतेय. टीव्हीत असलं काही नसतं. काच असते, तांबं असतं, पडद्याच्या आतून फॉस्फरचा थर असतो. हे मला माहीत होतं, आणि मला ते माहीत आहे हे त्याला माहीत होतं. मी त्याला दहा मिनिटं समजावून सांगितलं की बाबा, ती पार्टी लबाड आहे, तिच्या नादी लागू नकोस. तो "हो काका, बरं झालं सांगितलंत" म्हणत ऐकून घेत होता. त्या दहा मिनिटांत मी विकला गेलो होतो. कोणी स्वतःला दुसऱ्या चोरापासून तुमच्याकडून वाचवून घेत असेल, तर तिथेच फोन ठेवा.

आता त्यानं पाठवलेला व्हिडिओ. ४७ सेकंदांचा. मी तो नंतर शंभरदा तरी पाहिला असेल.

हात येतो, बटण दाबतो, चित्र येतं. लगेच. बटण दाबलं आणि आलंच!

थंड पिक्चर ट्यूबला फिलामेंट तापायला वेळ लागतो. आठ-दहा सेकंद पडदा काळा राहतो, मग चित्र हळूहळू उजळत वर येतं. हे मला लहानपणापासून माहीत आहे. आई आतून ओरडायची, "आलं का रे?" आणि आम्ही म्हणायचो, "येतंय." ते 'येतंय' या व्हिडिओत नव्हतं. चालू होताना ट्यूबवरचं चुंबकत्व घालवणाऱ्या डीगॉस कॉइलचा 'घुंऽग' असा आवाज होतो, तोही नव्हता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पडद्यावरून एकही काळा पट्टा सरकत नव्हता. ट्यूबवर चित्र सेकंदाला पन्नास वेळा ओढलं जातं; मोबाइलनं शूटिंग केलं की पट्टे सरकताना किंवा लुकलुकताना हमखास दिसतात. माझ्या अकरा संचांच्या प्रत्येक व्हिडिओत आहेत. मी ते चित्र स्थिर बघून काय म्हणालो असेन? मुलाला दाखवून म्हणालो, "बघ, काय फोकस आहे." तो म्हणाला, "बाबा, फारच क्लिअर दिसतंय." पोरगं बोललं होतं, आणि मी त्याला ट्यूबच्या गुणवत्तेवर व्याख्यान दिलं.

लाकडी कॅबिनेटमध्ये ट्यूबच्या जागी एलसीडी बसवला होता. माझं इतकंच म्हणणं आहे की ज्याला एखादी गोष्ट चाळीस वर्षं हवी असते, त्याला ती दिसली की डोळे मोजमाप विसरतात. मी त्या चित्रात फक्त लाल रंग बघत होतो.

पैसे असे गेले. टोकन २,०००. दुसऱ्या दिवशी उरलेले २२,०००. मग लाकडी पेटीचे ३,८५०, कारण ट्यूबची मान, म्हणजे मागची बारीक नळी, नाजूक असते, हे मीच त्याला सांगितलं होतं. वाहतूक ४,२००. मग विमा, 'माल पोचला की परत मिळणारा', ५,९९९. परत मिळणारी रक्कम आधी मागणारा कोणीही असो, देऊ नका. एकूण ३८,०४९, सगळे यूपीआयनं, माझ्या बोटानं. पेटी आली तेव्हा ट्रान्सपोर्टवाल्यानं पावती दाखवली, भाडं भरलेलंच नव्हतं. त्याचे २,६४० मीच दिले, वर टेम्पोचे ९००.

पेटीत कॅबिनेट खरं होतं. आत ट्यूबही होती, मान तुटलेली. फोन केला तर म्हणाला, "अरेरे काका, वाटेत फुटली वाटतं, विम्यातून करू." मग फोन बंद.

वाटेत फुटली? मग मानेच्या काचा कुठे गेल्या? पेटी मी चादरीवर उपडी केली, भुशातून बोटं फिरवली, एक तुकडा निघाला नाही. ट्यूबच्या आत धूळ होती, आणि हवा शिरली की गेटरचा, म्हणजे उरलीसुरली हवा शोषणाऱ्या थराचा, चंदेरी डाग पांढरा पडतो तसा तो पडलेला. ट्यूब दुसऱ्याच मापाची, चारपैकी दोनच कोपऱ्यांना बोल्ट लागलेले. एलओटी आणि ट्यूनर काढून घेतलेले. आणि कॅबिनेटच्या आतल्या बाजूला, जुन्या काळ्या पडलेल्या लाकडावर, चार ताजी पिवळी भोकं. एलसीडीची पट्टी तिथे बसवली होती.

हा सगळा पुरावा, फोटो काढून, छापून, मी पोलीस ठाण्यात घेऊन गेलो. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी अंमलदारानं विचारलं, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? ही दिवाणी बाब झाली." मी व्हिडिओ दाखवला, पट्ट्यांचं सांगितलं. शेजारचा हसला. "काका, चाळीस वर्षांच्या टीव्हीला अडतीस हजार? भंगारवाला दोनशे देणार नाही." म्हणजे वस्तू जुनी असली की चोरी चोरी राहत नाही? उद्या माझ्या आजीची नथ गेली तर तिची फॅशन गेली म्हणून सोडून देणार का? तिथून सायबरला जा म्हणाले. सायबरवाले म्हणाले, माल प्रत्यक्ष आलाय, तुमच्या ठाण्यातच जा. ठाण्यात परत गेलो तर आरोपी दुसऱ्या जिल्ह्यातला, तिकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला तरी खबर नोंदवून घ्यावी लागते, आणि फसवणुकीचं पूर्वीचं ४२० आता न्याय संहितेत ३१८(४) आहे, हे मी कागदावर लिहून नेलं होतं. कागद त्यांनी ठेवून घेतला. नोंद केली नाही. सहा खेपा झाल्या. सहाव्या खेपेला 'तक्रार अर्ज प्राप्त' असा शिक्का मिळाला. गुन्हा नाही, शिक्का.

बँकेत त्याहून थंड. "पिन तुम्ही स्वतः टाकलात, सर." हो, टाकला. पण ज्या खात्यात पैसे गेले ते कोणाचं, ते उघडताना कागदपत्रं कोणी तपासली, हे विचारायचा मला अधिकार नाही? उत्तर, "गोपनीय आहे." माझं नाव, माझा पत्ता त्या चोराकडे आहे. त्याचं नाव मात्र गोपनीय.

माझी चूकही सांगतो. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन पहिल्या तासात करायचा असतो, पैसे पुढे सरकण्याआधी. मी अकरा दिवस गप्प बसलो, कारण लाज वाटली. तुम्ही लाजत बसू नका.

जुना रंगीत संच लांबून घेणार असाल तर व्हिडिओ मागूच नका, थेट व्हिडिओ कॉल करा. संच थंड असताना चालू करायला लावा आणि मनात आकडे मोजा. पाठ उघडून ट्यूबच्या मानेत केशरी फिलामेंट पेटलेलं दाखव म्हणा, मात्र आत हात घालायला कोणालाही सांगू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात. पडद्याच्या कोपऱ्याजवळ छोटा लोहचुंबक धरायला लावा. खऱ्या ट्यूबवर तिथले रंग लगेच विस्कटतात, एलसीडीवर काही होत नाही. एवढं करायला तो कुरकुरला, तर तो संच तुमचा नाही. पेटी उघडताना सलग शूटिंग करा, मी केलं नव्हतं. आणि वाहतुकीची पावती स्वतः ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला फोन करून तपासा, त्यानं पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका.

मागच्या आठवड्यात मुलानं मला मोबाइल आणून दाखवला. तीच साइट, नाव दुसरं, व्हिडिओ तोच ४७ सेकंदांचा. किंमत आता २६,०००. त्या व्हिडिओत कॅबिनेटच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर विडी टेकवून पडलेला गोल काळा डाग दिसतो. ते कॅबिनेट डोंबिवलीला माझ्या बाल्कनीत ताडपत्रीखाली ठेवलंय, डागासकट. मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी छापून सातव्यांदा ठाण्यात देऊन आलोय. जाहिरात आज सकाळपर्यंत तिथेच होती.