टाकीवाला प्रिंटर: दहा महिने आणि एक पूर

जून २०२४ मध्ये, शाळा उघडायच्या आठवड्यात हा प्रिंटर घरी आला. आता एप्रिल संपत आलाय आणि ४,१२० पानं छापून झालीत. आकडा अंदाजाचा नाही. स्वयंपाकघराच्या दारामागच्या कॅलेंडरवर रोजची पानं लिहून ठेवलीत. ह्यांना हा चिकटपणा वाटतो, पण मी घरी दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते आणि सरावाच्या प्रश्नपत्रिकांचा खर्च माझ्याच पाकिटातून जातो.

मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मॉडेलं सारखी बदलतात, आणि वडोदऱ्यात कारेलीबागेतल्या एका घरातल्या यंत्राच्या कुरबुरी कुणा कंपनीच्या माथी मारण्यात अर्थ नाही. बाटलीतून शाई ओतायचा, छपाई-स्कॅन-कॉपी तिन्ही करणारा, वायफायवाला प्रिंटर आहे आणि साडेअकरा हजारांना पडला, एवढं पुरे.

आधीचा कार्ट्रिजवाला होता. साडेतीन हजारांत मिळतोय म्हणून २०१९ च्या दिवाळीत घेतला. पहिली शाई संपून दुकानात गेले तेव्हा कळलं, म्हैस स्वस्त होती, पेंड महाग आहे. काळी कार्ट्रिज सातशेच्या घरात, तिच्यावर लिहिलेली पानं १२०. म्हणजे पानामागे सहा रुपये नुसत्या शाईचे, आणि कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला तीन रुपयांत प्रिंट देत होता. रंगीतची तऱ्हा आणखी न्यारी. तिन्ही रंग एकाच डबीत, त्यामुळे निळा संपला की उरलेल्या लाल-पिवळ्यासकट डबी कचऱ्यात. सिरिंजने शाई भरून पाहिली. दोनदा जमलं. तिसऱ्यांदा ओट्यावर जांभळा डाग पडला, तो अजून आहे आणि सासूबाई पाहुण्यांना आवर्जून दाखवतात.

सयाजीगंजातल्या दुकानात गेले तेव्हा मनात लेझर होता. लेझरची टोनर म्हणजे पूड, ती वाळत नाही. महिनाभर हात लावला नाही तरी पहिलं पान स्वच्छ येतं. नुसता काळा मजकूर आणि तोही कधीमधी छापणाऱ्यांनी माझं पुढचं काही न वाचता लेझर घ्यावा. आमच्याकडे मुलाचे शाळेचे रंगीत प्रकल्प होते, सासूबाईंच्या भजनी मंडळाच्या वह्या होत्या, आणि स्वस्तातला लेझर रंग छापत नाही. म्हणून टाकी.

टाकीची गोष्टही गमतीची आहे. इंडोनेशियात लोक प्रिंटरला बाहेरून बाटल्या आणि नळ्या जोडून स्वस्त शाई वापरत होते. ते पाहून एप्सनने २०१० मध्ये तिथेच टाकीवाला प्रिंटर काढला. जुगाडच कंपनीने खोक्यात घालून विकला म्हणा ना. आज सगळ्यांकडे टाकी आहे, पण आतलं काम निरनिराळं आहे. एप्सनच्या हेडमध्ये, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागात, विजेने वाकणारा स्फटिक शाईचा थेंब ढकलतो. कॅनन आणि एचपीमध्ये शाई क्षणभर तापवून बुडबुड्याने थेंब उडवतात, आणि त्यांच्या बऱ्याच टाकीवाल्या मॉडेलांत हेड काढून नवं बसवता येतं. दुकानात हे कुणी सांगत नाही. वायफाय मात्र तीनदा सांगतात.

बाटलीवरच्या आकड्यांनी मीही भुलले होते. एप्सनची ००३ क्रमांकाची काळी बाटली ६५ मिलीची, दावा ४,५०० पानांचा. कॅननची जीआय-७१ काळी १३५ मिलीची, ६,००० पानं. माझ्या प्रिंटरची काळी बाटली ३८० रुपयांना मिळते आणि साडेचार हजार पानं धरली, तर पानाला साडेआठ पैसेसुद्धा पडत नाहीत. प्रत्यक्षात माझी पहिली बाटली २,९०० पानांत संपली. यात लबाडी कुणाची नाही. हे आकडे ठरावीक नमुन्याची पानं सलग छापून काढलेले असतात. घरात सलग काहीच होत नसतं. शिवाय पहिल्यांदा भरलेल्या शाईतली बरीचशी नळ्या आणि हेड भरण्यातच जाते, ती कागदावर येतच नाही.

मग आला ऑगस्ट. वडोदऱ्यात त्या आठवड्यात काय झालं ते इथल्यांना सांगायला नको. विश्वामित्री नदीची धोक्याची खूण २५ फुटांची, पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. आमचं घर तळमजल्यावर. जन्माष्टमीच्या सुंठवड्याची वाटी हातात घेऊन आम्ही सामान वर नेत होतो. ह्यांनी आणि मुलाने प्रिंटर उचलला आणि जिना अरुंद म्हणून आडवा करून वरच्या मजल्यावरच्या शेजारीण बेनकडे पोचवला. टाकीवाला प्रिंटर आडवा करायचा नसतो. सुरुवातीच्या काही मॉडेलांना नेताना शाई बंद करायचा खटका असे, माझ्याला तो नाही. बेनच्या पांढऱ्या चादरीवर निळ्या-लाल शाईचा नकाशा उमटला. चादर मी नवी आणून दिली, त्यांनी ती घेतली नाही, आणि जुनी अजून वापरतात.

पाणी ओसरल्यावर कपाटाचा खालचा खण उघडला, तेव्हा शाईबद्दलचा खरा धडा मिळाला. वर्षभराच्या प्रश्नपत्रिका भिजल्या होत्या. घरी छापलेल्या पानांवर जांभळट ढग उरले होते. बाजूलाच युनिव्हर्सिटीजवळून काढून आणलेल्या झेरॉक्स होत्या. कागद लगदा व्हायच्या बेतात, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची पूड, ती उष्णतेने कागदावर वितळून चिकटते, पाण्याला दाद देत नाही. डायची शाई पाण्यातच विरघळलेली असते, ती परत पाण्यात जाते. पिगमेंटच्या शाईत रंगाचे कण न विरघळता राहतात, ती या बाबतीत बरी. काही टाकीवाल्या प्रिंटरांत काळी तरी पिगमेंटची असते, काहींत चारही डायच्या. आज पुन्हा निवडायला बसले तर वायफायच्या आधी हे विचारेन. घराच्या कागदपत्रांच्या प्रती मात्र तेव्हापासून दुकानातूनच काढते.

पुढचा पंधरवडा स्कॅनरने कमावून दिला. सोसायटीत ज्याच्या-त्याच्या विम्याचे कागद, गाडीची पुस्तकं, पासबुकं पंख्याखाली वाळत पडलेली. त्यांच्या प्रती काढायला लोक आमच्याकडे यायचे. कुणाकडून पैसे घेतले नाहीत, पण कॅलेंडरवर पानं लिहिली.

त्याआधी प्रिंटर चालू व्हायला हवा होता. बारा दिवस बंद राहिला होता. नोझल चेकचं, म्हणजे हेडची छिद्रं मोकळी आहेत का ते दाखवणारं पान काढलं तर काळ्या रेघा तुटक, पिवळ्या गायब. मी हेड क्लीनिंग लावलं, म्हणजे यंत्र शाई सोडून हेड धुतं ते. परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा टाक्यांकडे नजर गेली. न छापताच चारही रंग खाली उतरले होते. थांबले. रात्रभर तसाच ठेवला, आणि सकाळी एकाच क्लीनिंगमध्ये रेघा जुळल्या. वाळलेली शाई आतल्या ओलाव्याने मऊ व्हायला वेळ लागतो, घाईने जाते ती फक्त चांगली शाई. दिवाळीच्या एकवीस दिवसांच्या सुट्टीनंतर पुन्हा तेच झालं, तेव्हा मला घाई नव्हती.

ही धुतलेली शाई जाते कुठे? प्रिंटरच्या पोटात स्पंजासारखी गादी असते, तिच्यात. यंत्र मोजत असतं, आणि गादी भरली असं त्याला वाटलं की छापायला साफ नकार देतं. काही मॉडेलांत ही गादी डबीच्या रूपात घरीच बदलता येते, काहींत सर्व्हिस सेंटरच्या पायऱ्या चढाव्या लागतात. घेताना विचारून ठेवा. मी विचारलं नव्हतं.

आमच्या अर्ध्याअधिक क्लीनिंगचं कारण पुढे घरातच सापडलं. ह्यांना रात्री झोपताना भिंतीवरची सगळी बटणं खटाखट बंद करायची सवय. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तर हेड कडेला जाऊन झाकणाखाली बसतं. भिंतीवरून वीज तोडली की जिथे असेल तिथे उघडं राहू शकतं आणि वाळतं. त्या बटणावर आता चिकटपट्टी आहे. शिवाय रविवारी सकाळी एक पान छापते ज्यात चारही रंग आहेत. मुलाने त्यासाठी पोपट काढून दिलाय. पस्तीसेक पोपट झालेत, रद्दीवाला विचारतो हे काय.

आता हिशेब. दहा महिन्यांत दीड बाटली काळी आणि तिन्ही रंगांच्या साधारण अर्ध्या-अर्ध्या बाटल्या गेल्या. पहिला संच खोक्यातूनच आला होता, तरी त्याचीही किंमत धरली. सगळे मिळून ११७० रुपये, म्हणजे पानाला २८ पैसे. साडेआठ पैशांचे २८ झाले, त्यातले काही रंगीत पानांचे, बाकीचे धुण्याचे. पिवळं मी छापलं किती, तर एक सूर्यमाला आणि हे पोपट. तरी टाकी अर्ध्यावर, कारण क्लीनिंग चारही रंगांचं होतं. दुसरं म्हणजे, सुरुवातीचे दोन महिने मी सेटिंग न बदलता काळा मजकूर छापत होते. मजकुरात कुठे राखाडी आकृती असली की यंत्र ती रंग मिसळून बनवायचं. ग्रेस्केल, म्हणजे नुसत्या काळ्या शाईत छापायचं सेटिंग, निवडल्यापासून रंग टिकतात. शिकवणीची पानं ड्राफ्टमध्ये, म्हणजे कमी शाईत छापते, भूमितीच्या आकृत्या तेवढ्या फिकट येतात.

आणि गंमत बघा, शाईपेक्षा कागद महाग पडला. पाच रिम संपून सहावं चालू आहे, साधारण २,६०० कागद, १३५० रुपये. छापलेल्या बाजूमागे ३३ पैसे. कार्ट्रिजच्या काळात कागदाकडे कुणी पाहत नव्हतं, आता वाचवायचं ते तिथेच. पाठपोट छापते, पण कागद हाताने उलटावा लागतो. पहिल्या महिन्यात चाळीस प्रश्नपत्रिकांचं मागचं पान उलटं आलं आणि मुलांनी कागद फिरवत-फिरवत गणितं सोडवली. पावसाळ्यात उघडं रिम हवेने वाकतं, मग दोन-दोन कागद एकदम ओढले जातात. आता रिम गव्हाच्या कोठीशेजारच्या डब्यात असतं.

शाई आणि कागद मिळून ६१ पैसे. दुकानात तीन रुपये. प्रिंटरचे साडेअकरा हजार वसूल व्हायला अजून सातशे पानं छापायला हवीत, म्हणजे दोन महिने. महिन्याला चारशे पानं छापणाऱ्या घराला वर्ष लागतं, तर वीस पानं छापणाऱ्याने हा घेऊन काय करायचं? त्याची शाई धुण्यातच जाईल. नणंदबाईंना मी हेच सांगितलं, त्यांना पटलं नाही, त्यांनी घेतला.

दुकानदार दर वेळी म्हणतो, “बेन, लोकल शाही लई जाव, अडधा भावमां आवशे.” लोकल शाई अर्ध्या किमतीत आली तरी पानामागे फार तर चौदा पैसे वाचतील, आणि हेड बिघडलं तर वर्षभराची बचत एका दुपारी जाईल. वॉरंटी आहे तोवर तरी मी नाही म्हणते.

बाकी लहानसहान. रंगीत पान फार हळू येतं. स्कॅनरला कागद आपोआप ओढायची सोय नाही, वीस पानांची वही स्कॅन करताना वीसदा झाकण उचला. फोनवरून छापणं सोयीचं आहे, राउटर रुसला की मात्र केबलच शोधावी लागते.

सासूबाईंचं मंडळ मला सगळ्यात महाग पडतं. त्यांना भजनं वीस पॉइंटात, ठळक अक्षरात हवी असतात. मी त्यांना चिडवते, गुजरातीत गा, त्या लिपीला शिरोरेघ नाही, तेवढीच शाई वाचेल. आत्ता हे टाइप करतेय तेवढ्यात चाळीस प्रतींची फर्माईश आली आहे, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी. काळी टाकी खालच्या खुणेच्या बोटभर वर आहे. मुलाला बाटली आणायला पिटाळलंय.