'द लॉबस्टर' : हॉटेलात हसणारा प्रेक्षक जंगलात का चिडतो

योर्गोस लान्थिमोस या ग्रीक दिग्दर्शकाचा 'द लॉबस्टर' २०१५ साली फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला, अमेरिकी दिग्दर्शक कोएन बंधूंच्या अध्यक्षतेखालील परीक्षक मंडळाने त्याला ज्यूरी पारितोषिक दिले आणि पुढे सर्वोत्कृष्ट मूळ पटकथेसाठी त्याला ऑस्करचे नामांकनही मिळाले. असे असूनही या चित्रपटाविषयी प्रेक्षकांचे एकमत आजवर झालेले नाही. अलीकडच्या काळातील सर्वांत कल्पक चित्रपट म्हणून त्याची शिफारस करणारे जितक्या हिरिरीने बोलतात, तितक्याच हिरिरीने दोन तास फुकट गेल्याची तक्रार करणारेही बोलतात, आणि गंमत म्हणजे पहिल्या तासाची स्तुती दोन्ही बाजूंकडून जवळजवळ त्याच शब्दांत ऐकू येते. चित्रपट नायकाला हॉटेलातून जंगलात नेतो तेथे ही सहमती मोडते.

कथेची कल्पना थोडक्यात सांगता येते. या काल्पनिक राज्यात एकटे राहणे हा गुन्हा आहे. पत्नीने सोडून दिलेल्या डेव्हिडला (कॉलिन फॅरेल) समुद्रकिनारी असलेल्या एका हॉटेलात आणले जाते आणि ४५ दिवसांत जोडीदार न मिळाल्यास त्याचे रूपांतर त्याने स्वतः निवडलेल्या प्राण्यात केले जाणार असते. जंगलात पळून गेलेल्या एकट्या माणसांची गुंगीच्या बाणांनी शिकार केल्यास दर माणसामागे एक दिवस वाढवून मिळतो. डेव्हिड लॉबस्टर निवडतो, कारण हा प्राणी शंभर वर्षांहून अधिक जगतो, त्याचे रक्त निळे असते, त्याची प्रजननक्षमता आयुष्यभर टिकते आणि डेव्हिडला समुद्र आवडतो. त्याच्या सोबतचा कुत्रा हा त्याचा भाऊ आहे, जो याच हॉटेलात अयशस्वी ठरला होता.

हॉटेलचा भाग निर्विवादपणे उत्कृष्ट आहे. लान्थिमोस आणि त्याचा सहलेखक एफ्थिमिस फिलिपू यांनी हे जग समजावून सांगण्याऐवजी त्याचे नियम तेवढे एकेक करून समोर ठेवले आहेत. नोंदणीच्या वेळी डेव्हिडला बुटांचे अर्धे माप मिळत नाही, कारण तेथे अर्धी मापेच नसतात. तसेच स्त्री आणि पुरुष या दोन्हींविषयी आकर्षण असल्याची नोंद करण्याची सोयही आता बंद झालेली असते. पहिल्या दिवशी पाहुण्याचा एक हात पाठीशी बांधून ठेवतात, जेणेकरून दोन असण्याचे महत्त्व त्याच्या लक्षात यावे. एकटा जेवणारा माणूस घास अडकून कसा मरतो आणि पत्नी शेजारी असल्यास कसा वाचतो, याचे प्रात्यक्षिक कर्मचारी रंगमंचावर करून दाखवतात. नवविवाहितांत भांडणे झाली तर त्यांना एखादे मूल देण्यात येते, हे हॉटेलची व्यवस्थापिका (ऑलिव्हिया कोलमन) ज्या सौजन्याने सांगते, ते ऐकून हसू आवरत नाही. उंची, पगार आणि पत्रिका यांचे रकाने भरून स्थळे पाहणाऱ्या आपल्याकडील प्रेक्षकाला तर हे राज्य फारसे परके वाटण्याचे कारण नाही.

या राज्यातील सर्वांत विचित्र समजूत अशी की जोडप्यातील दोघांत एखादे ठळक लक्षण समान असलेच पाहिजे. लंगडणाऱ्याला लंगडणारी हवी, सतत नाकातून रक्त येणाऱ्या मुलीला तशाच व्याधीचा मुलगा हवा. बेन व्हिशॉने रंगवलेला लंगडा तरुण या मुलीला मिळवण्यासाठी चोरून आपले नाक आपटून रक्त काढतो आणि यशस्वी होतो. हा प्रसंग प्रेक्षक विनोद म्हणून पाहतो आणि पुढे जातो, पण तो लक्षात ठेवण्याजोगा आहे.

संवादफेकीविषयी मात्र मतभेद आरंभापासूनच आहेत. या चित्रपटात सर्वजण सूचनाफलक वाचून दाखवावा तशा सपाट स्वरात बोलतात, आणि 'अभिनय लाकडी आहे' हा आक्षेप त्यामुळेच वारंवार घेतला जातो. मला तो मान्य नाही. भावना हा सरकारी दाखल्याचा विषय झालेल्या समाजात माणसे आणखी कोणत्या स्वरात बोलणार? पोट सुटलेला, मिशी राखलेला, खांदे पाडून चालणारा फॅरेल हा सपाटपणा किती अचूक सांभाळतो, हे कुत्र्याच्या प्रसंगात कळते. पोटात दयामाया नसलेल्या एका स्त्रीशी जोडी जमवण्यासाठी डेव्हिड स्वतःही निर्दय असल्याचे सोंग करतो, आणि ती त्याची परीक्षा पाहण्यासाठी त्याच्या भावाला लाथा घालून ठार करते. ही बातमी तो त्याच कोरड्या आवाजात झेलतो, दात घासायला जातो आणि तेथे त्याला रडू फुटते. आधीचा तासभर भावना बंद ठेवल्यामुळेच हे रडणे इतके असह्य होते.

यानंतर डेव्हिड जंगलात पळतो, आणि बरेच प्रेक्षक तेथेच चित्रपटाची साथ सोडतात. जंगलातील एकट्या लोकांची नेता (लेआ सेदू) हॉटेलइतकीच कठोर आहे. येथे प्रेम करणे गुन्हा आहे, चुंबनाची शिक्षा ओठ कापण्याची आहे, नाचायचे असेल तर प्रत्येकाने आपापल्या हेडफोनवर एकट्याने नाचायचे आहे आणि स्वतःची कबर आधीच स्वतः खणून ठेवायची आहे. आणि नेमक्या याच ठिकाणी डेव्हिडला आपल्यासारखीच जवळचे पाहण्यापुरती दृष्टी असलेली एक स्त्री (रेचल वाइझ) आवडू लागते.

या उत्तरार्धावरचा संथपणाचा आरोप अंशतः खरा आहे. जंगलातील लोकांनी खोटे जोडपे बनून शहरात मारलेल्या फेऱ्या एकसारख्या वाटतात, नेत्याच्या क्रौर्यामागील कारण अंधारात राहते, आणि हॉटेलमधील नियमांची जी नवलाई प्रत्येक दृश्यात होती ती येथे ओसरते. मला मात्र चिडीचे मूळ वेगळे वाटते. विवाहसक्तीची टवाळी सर्वांनाच सुखावते, कारण ती पाहताना आपण त्या सक्तीच्या बाहेर उभे असल्याचे समाधान मिळते. अविवाहितांना ती आपली बाजू वाटते आणि विवाहितांना आपल्या नातेवाइकांवरची टीका. जंगल हे समाधान काढून घेते, कारण बंडखोरांनीही शिस्तीचे तेच यंत्र उलट्या दिशेने चालवलेले असते आणि प्रेक्षकाने जिच्या बाजूने उभे राहावे अशी कोणतीही व्यवस्था शिल्लक राहत नाही. हा भाग गाळला असता तर चित्रपट अधिक आटोपशीर आणि अधिक लोकप्रिय झाला असता, पण मग तो एका चांगल्या विनोदी प्रहसनापलीकडे गेला नसता.

निवेदनाची तक्रारही अशीच तपासून पाहावी. पडद्यावर दिसणारी गोष्टच वाइझचा आवाज पुन्हा सांगतो, तेही तिचे पात्र कथेत येण्याच्या कितीतरी आधीपासून, आणि अनेकांना तो जाच वाटतो. पण या पात्राने लिहिलेली डायरी जेव्हा नेत्याच्या हाती पडते आणि मोठ्याने वाचून दाखवली जाते, तेव्हा त्या निरस शब्दांना जिवावर बेतणारे वजन येते.

थिमिओस बाकाताकिसचे छायाचित्रण बहुतांशी उपलब्ध प्रकाशावर चालते, आणि आयर्लंडच्या केरी परगण्यातील ओलसर, करडा उजेड या कथेला शोभून दिसतो. पात्रे बोलत असताना मागून एखादा उंट किंवा मोर जातो, त्याकडे कोणी पाहत नाही. तो कालपरवापर्यंत कोण होता, हा विचार आपण आपला करायचा.

शेवटाविषयी वाद सर्वांत मोठा आहे. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी पुढचा परिच्छेद वगळावा.

जंगलातील नेत्याने डेव्हिडला आवडलेल्या त्या स्त्रीला आंधळी करवले आहे, आणि उपाहारगृहातील प्रसाधनगृहात डेव्हिड सुरी डोळ्याजवळ धरून उभा आहे. त्याने डोळे फोडले की नाही हे न सांगता चित्रपट संपतो, आणि यावर 'दिग्दर्शकाला शेवटच सुचला नाही' इथपर्यंत शेरे मारले जातात. मला हा शेवट पुरेसा उघड वाटतो. हॉटेल सुटले, जंगल सुटले, तरी प्रेमासाठी समान लक्षण लागते हा हॉटेलचा नियम डेव्हिडच्या डोक्यातून गेलेला नाही. लंगड्या तरुणाने नाकाचे जे केले तेच तो डोळ्यांचे करायला निघाला आहे. पहिल्या वेळी आपण हसलो होतो. सुरी चालली की नाही, हा त्यानंतर दुय्यम प्रश्न उरतो.

वितरकांनी या चित्रपटावर 'विनोदी प्रेमकथा' असा शिक्का मारून अनेकांची फसगत केली आहे, त्यामुळे शनिवारच्या रात्री कुटुंबासह पाहण्यासाठी तो निवडू नये. प्राण्यांवरील हिंसा ज्यांना पाहवत नाही त्यांनी विशेष सावध राहावे, कारण पहिल्याच दृश्यात गाडीतून उतरलेली एक स्त्री पावसात उभ्या गाढवावर गोळ्या झाडते आणि त्याचा खुलासा अखेरपर्यंत होत नाही. बाकीच्यांनी तो इंग्रजी उपशीर्षकांसह, एका बैठकीत आणि मध्ये न थांबता पाहावा. जंगलात कंटाळा आला तरी पाहावा.